वाचकांचे प्रश्न : क्रूझच्या छोट्या केबिनमध्ये सामान बसवायचं कसं?

मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझबद्दल येणाऱ्या पत्रांत तक्रारीचा सूर बहुतेक एकच असतो: केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. खिडकी नसलेली आतली केबिन साधारण १२० ते १८५ चौरस फुटांची असते आणि त्यात न्हाणीघरही आलं. त्यातून निवडलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : आम्ही चौघं मुंबई-गोवा क्रूझला निघालोय. आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. केबिन आतली आहे. प्रत्येकाची एक अशा चार मोठ्या बॅगा मावतील का? (वाचक, डोंबिवली)

मावणार नाहीत, आणि दोन-तीन रात्रींसाठी त्या लागतही नाहीत. चौघांत २४ इंची दोन बॅगा आणि प्रत्येकाची एकेक खांद्याची पिशवी, एवढ्यात भागवा.

मोठ्या बॅगेची खरी जागा पलंगाखाली. पलंगाची चौकट आणि जमीन यांत बहुतेक जहाजांवर २५ ते ३५ सेंटिमीटरची पोकळी असते. २४ इंची बॅग आडवी घातली की सहसा आत सरकते. २८ इंची कडक बॅग ठासून भरली की फुगते आणि कडेला अडकते. मग ती दाराजवळ उभी राहते आणि मुक्काम संपेपर्यंत सगळे तिला वळसा घालून जातात. कडक कवचाच्या बॅगेचा आणखी एक त्रास आहे. ती दोन सारख्या भागांत उघडते, म्हणजे उघडायला दुप्पट जमीन हवी. वरून झाकण उघडणारी कापडी बॅग पलंगावर ठेवून रिकामी करता येते, म्हणून केबिनसाठी आम्ही कापडीच सुचवू.

केबिनमध्ये गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बॅगा पूर्ण रिकाम्या करा. रोज बॅगेतूनच काढू-घालू म्हटलं की बॅग उघडी पडून राहते आणि पसारा तिथूनच सुरू होतो. कपाटाचा दांडा सासूबाई आणि तुम्ही वाटून घ्या. खण मुलीला आणि यजमानांना द्या. लहान बॅग मोठीच्या पोटात घाला आणि हँडल बाहेरच्या बाजूला ठेवून पलंगाखाली ढकला. ढकलण्याआधी खाली वाकून नक्की बघा. काही जहाजांवर लाइफ जॅकेट पलंगाखाली किंवा कपाटाच्या तळाशी असतात. जागा हवी म्हणून ती दुसरीकडे हलवायची नाहीत, बॅगेखाली दाबायची तर मुळीच नाहीत. काही जहाजांवर ती केबिनमध्ये नसतातच, आणीबाणीत जमायच्या ठिकाणी ठेवलेली असतात. सुरुवातीच्या सुरक्षा-कवायतीत ते सांगतात, तेव्हा कान देऊन ऐका.

चौघांच्या केबिनमध्ये वरचे दोन बर्थ भिंतीत किंवा छतात मिटलेले असतात. संध्याकाळी स्टुअर्ड (केबिनची देखभाल करणारा कर्मचारी) ते उघडून अंथरूण घालतो, सकाळी मिटतो. दिवसभर उघडे ठेवले तर खाली बसताना डोकं आपटतं. म्हणून ते रोज मिटवायला सांगा आणि वर फोन, चष्मा, खेळणं असं काही राहिलं नाही ना ते सकाळी बघा. मिटताना अडकलेली वस्तू मोडते, कधी बर्थच अडकतो. सासूबाईंना खालचाच पलंग द्या. मुलीला वरचा द्यायचा असेल तर वयाचा नियम बुकिंगच्या वेळी विचारून घ्या. खालचे दोन पलंग जोडून हवेत की वेगळे, हेही आधीच कळवा. सामान लावून झाल्यावर पलंग हलवायचे म्हणजे सगळं पुन्हा काढायचं.

आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की भरदुपारीही मिट्ट काळोख असतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि दारापर्यंतची वाट रात्री पूर्ण मोकळी हवी: चपला नकोत, पिशव्या नकोत, चार्जरची वायर नको. न्हाणीघराला उंबरठाही असतो. सेलवर चालणारा छोटा दिवा न्हाणीघराच्या दाराशी लावून ठेवा. रात्री कधी आणीबाणीची घंटा झाली तर चौघांना त्याच वाटेने बाहेर पडायचंय.

प्रश्न : चुंबकी हुक न्यावेत असं सगळे सांगतात. मी १० किलो लिहिलेले हुक नेले, तरी पर्स अडकवली की ते घसरत खाली यायचे. माल नकली होता का? (वाचक, नाशिक)

माल नकली असेलच असं नाही. पाकिटावरचा आकडा जाड लोखंडी पट्टीवरून चुंबक सरळ ओढून काढायला लागणाऱ्या जोराचा असतो. केबिनची भिंत तशी नसते. तिचे तक्ते म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा पोलादी पत्रा, मध्ये आग रोखणारी खनिज लोकर आणि वरून प्लास्टिकचा पातळ थर. इतक्या पातळ पत्र्यावर चुंबकाची निम्मी ताकद वाया जाते. शिवाय भिंतीवरच्या हुकाला वजन सरळ ओढत नाही, खाली घसरवतं. त्यामुळे १० किलोच्या हुकावर भिंतीवर एक-दीड किलोच्या पुढे भरवसा ठेवू नका. टोपी, ओळखपत्राची दोरी, रिकामी पिशवी, ओला टॉवेल, हलकं जॅकेट एवढं ठीक. भरलेली पर्स नको.

उपाय दोन आहेत. रबराचं आवरण असलेले चुंबकी हुक घ्या. ताकद तेवढीच असली तरी रबर पकड घेतं आणि हुक घसरत नाही. किंवा वजन दोन-तीन हुकांत वाटा. छतही पत्र्याचं असेल तर तिथे ओढ सरळ असते, म्हणून तोच हुक जास्त वजन पेलतो. पण आग विझवणाऱ्या फवाऱ्याच्या तोटीजवळ, दिव्याजवळ किंवा धुराच्या सेन्सरजवळ काहीही टांगू नका. फवाऱ्याच्या तोटीला हँगर अडकवायचा मोह तर अजिबात नको. तिच्यातली काचेची नळी फुटली की केबिनभर पाणी होतं.

चौघांना सहा ते आठ हुक पुरतात. काढताना एका कडेने तिरपा करून उचला. भिंतीवरून ओढत नेला तर ओरखडा उठतो, आणि त्याचे पैसे बिलात लागू शकतात. चुंबक केबिनच्या कार्डापासून लांब ठेवा, काळी पट्टी असलेलं कार्ड बिघडतं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर चुंबक छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर हवा, म्हणजे शर्टाच्या खिशात तो कधीच ठेवायचा नाही. प्रवासात हुक एकमेकांना चिकटवून पत्र्याच्या डबीत ठेवा.

न्हाणीघराची भिंत काही जहाजांवर फायबरची असते. तिथे चुंबक लागणार नाही, रबरी चोषक (दाबून चिकटणारा सक्शन हुक) लागेल. तो उलट खोलीच्या खडबडीत भिंतीवर टिकत नाही.

प्रश्न : दाराला टांगायची कप्प्यांची पारदर्शक पिशवी नेऊ का? (वाचक, पुणे)

न्या, पण केबिनच्या मुख्य दाराला टांगू नका. ते दार आग अडवण्यासाठी केलेलं असतं आणि आपोआप घट्ट मिटायला हवं. वरून पत्र्याचे हुक घातले की फट राहते किंवा रंग खरवडतो. न्हाणीघराच्या दारालाही जाड हुक बसत नाहीत, खटका लागत नाही. पिशवी कपाटाच्या दांड्याला टांगा. बारा कप्प्यांची पुरे. वरच्या ओळीत औषधं आणि चष्मे, मधे क्रीम, कंगवे, चार्जर आणि खाली मोजे. चपला-बूट यात नकोत. ओल्या वाळूचे बूट वरचं सगळं खराब करतात. ते दाराजवळ एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : एका केबिनमध्ये चार फोन, दोन घड्याळं, एक टॅब. घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर बोटीवर काढून घेतात म्हणे. का? (वाचक, ठाणे)

काढून घेतात आणि ते योग्य आहे. घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) जमिनीशी जोडलेला असतो. बऱ्याच जहाजांवर तसं नसतं. दोन्ही तारा जहाजाच्या सांगाड्यापासून अलग ठेवलेल्या असतात आणि सांगाड्याच्या मानाने दोन्हींत विजेचा दाब असतो. घरच्या सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणाऱ्या) बोर्डमध्ये वीज तोडणारं बटण बहुतेक एकाच तारेवर असतं. जहाजावर कुठे बिघाड झाला की दुसऱ्या तारेतून, बोर्डातल्या संरक्षक भागातून प्रवाह अर्थकडे वाहत राहतो. बटण बंद दिसतं, बोर्ड मात्र तापत जातो. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१३ साली याबद्दल जहाजांना धोक्याची सूचना दिली होती. साध्या एक्स्टेन्शनलाही बऱ्याच कंपन्यांची मनाई आहे. इस्त्री, स्टीमर, किटली, पाणी तापवायचा रॉड, अगरबत्ती आणि मेणबत्तीही घरीच ठेवा.

चार ते सहा यूएसबी तोंडांचा एकच चार्जर न्या, ६५ वॉटच्या आसपासचा, ज्यावर सर्ज प्रोटेक्टर असं लिहिलेलं नाही. प्रत्येक फोनला एक मीटरची वायर पुरे. लांब वायरी पायात येतात. १९९० च्या आसपास बांधलेल्या जहाजांवर, आणि मुंबईहून जाणारं ‘एम्प्रेस’ त्यातलंच आहे, टेबलाजवळ जेमतेम एक-दोन सॉकेट मिळतात. युरोपीय गोल सॉकेटमध्ये आपली दोन पिनांची चार्जरची टोपी बसते, तीन जाड पिनांची बसत नाही. चपट्या पिनांच्या अमेरिकी सॉकेटसाठी छोटा अडॅप्टर लागतो आणि तिथे वीज ११० व्होल्टची असते. चार्जरवर ‘इनपुट १००-२४०’ लिहिलेलं असेल तर तो दोन्हीकडे चालतो. फक्त २२० व्होल्टचा हेअर ड्रायर तिथे कोमटच हवा देईल. आरशाजवळचं सॉकेट दाढीच्या यंत्रापुरतंच असतं, त्यात दुसरं काही लावू नका.

काही जहाजांवर दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवे आणि सॉकेट चालत नाहीत. तुम्ही जेवायला गेलात की चार्जिंगही थांबतं. रात्री झोपताना सगळं चार्ज करा आणि बाहेर जाताना पॉवर बँक सोबत ठेवा.

प्रश्न : पोहून आल्यावरचे कपडे वाळत कुठे घालायचे? बाल्कनी आहे. (वाचक, कोल्हापूर)

बाल्कनीत नको. जहाज चालतं तेव्हा वारा इतका असतो की चिमटे लावूनही कपडा उडतो. वाऱ्यावर सोडून येण्यापेक्षा आत वाळवा. बाल्कनीचं दार उघडं ठेवलं तर कोकणची दमट हवा आत शिरते, बऱ्याच केबिनमध्ये एसी आपोआप बंद पडतो आणि भिंतींना घाम फुटतो.

कपडा आधी चांगला पिळा. मग कोरड्या टॉवेलवर पसरून दोन्हींची गुंडाळी करा आणि तिच्यावर पाय देऊन दाबा. निम्मं पाणी टॉवेल घेतो. न्हाणीघरात बरेचदा ओढून लांबवता येणारी दोरी असते. तिच्यावर कपडे एकमेकांना न चिकटवता घाला आणि न्हाणीघराचं दार बोटभर उघडं ठेवा. तिथला पंखा हवा बाहेर खेचतो आणि केबिनमधली एसीची कोरडी हवा कपड्यांवरून जाते. दार घट्ट लावलं की कपडे सकाळपर्यंत ओलेच राहतात आणि वास मारतात. जहाज डोलतं तेव्हा अर्धवट उघडं दार आपटतं, म्हणून खाली चप्पल अडकवा. नायलॉनचे कपडे रात्री नऊला घातले तर सकाळी वाळलेले मिळतात. जीन्स आणि जाड सुती टॉवेल दोन दिवसांतही वाळत नाहीत.

प्रश्न : इन्सुलिन केबिनच्या फ्रिजमध्ये चालेल? (वाचक, सोलापूर)

भरवसा ठेवू नका. केबिनचा लहान फ्रिज पेयं गार करण्यापुरता असतो, शिवाय कार्ड काढल्यावर तो बंद पडू शकतो. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतात. साठा जहाजाच्या दवाखान्यात ठेवायची सोय आहे का, हे बुकिंगच्या वेळीच लेखी विचारा. चालू पेन किती दिवस बाहेर चालतं ते त्याच्या पाकिटावर असतं, डॉक्टरांनाही विचारून घ्या. चढण्याच्या दिवशी ही औषधं मोठ्या बॅगेत घालू नका. ती बॅग संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये येत नाही.

प्रश्न : उतरताना काही ना काही मागे राहतंच. काय करावं? (वाचक, मडगाव)

बऱ्याच जहाजांवर आदल्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून बाहेर ठेवायच्या असतात. बॅग बंद करण्याआधी सकाळचे कपडे, औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि पादत्राणं पलंगावर काढून ठेवा. बॅगा गेल्यावर कुणी अनवाणी राहू नये. मग एक जण दाराशी उभा राहून सांगेल आणि दुसरा बघेल, असं करा: पलंगाखाली पार भिंतीपर्यंत, वरच्या बर्थची घडी, उशीची खोळ, फ्रिज, न्हाणीघराच्या दाराची मागची खुंटी, शॉवरची दोरी, सॉकेट. पांढरे चुंबकी हुक भिंतीत मिसळून जातात, म्हणून लाल किंवा हिरवे घ्या आणि लावताना मोजून ठेवा. तिजोरी सगळ्यात शेवटी रिकामी करा आणि तिचं दार सताड उघडं ठेवूनच केबिन सोडा.