स्पेक्ट्रम आणि स्पष्ट: एकाच घरातले

प्रश्न असा आला आहे: 'एमएस्सीला मॉलिक्युलर स्पेक्ट्रोस्कोपी आहे. टिपणं मराठीत काढते. "आण्विक वर्णपटविज्ञान" लिहिलं तर चालेल का?' (मॉलिक्युलर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे रेणू कोणता प्रकाश शोषतात किंवा सोडतात ते पाहून त्यांची रचना ओळखण्याचं शास्त्र.)

नाही चालणार. मराठीत अ‍ॅटम म्हणजे अणू, मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत अ‍ॅटम परमाणु आणि मॉलिक्यूल अणु. हिंदी पुस्तकातलं 'आण्विक' उचलून मराठीत ठेवलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे थेट अणुभट्टी येते. पाण्याच्या बिचाऱ्या रेणूचं 'आण्विक कंपन' वाचलं की मी अजून दचकतो. 'रेणवीय' लिहा, जीभ अडखळत असेल तर सरळ 'रेणूंचं'.

खरी मजा स्पेक्ट्रममध्ये आहे. न्यूटनने १६७२ च्या पत्रात लोलकातून उमटलेल्या रंगीत पट्ट्यासाठी हा लॅटिन शब्द वापरला. इथे कुणीतरी हमखास डोळे मोठे करून सांगतं, 'स्पेक्ट्रम म्हणजे भूत!' असे विद्वान मला फार भेटतात. अहो, मूळ अर्थ 'जे दिसतं ते'. भूतही दिसतं म्हणून त्याला ते नाव, एवढंच. लॅटिनमधला हा 'पाहणे'चा धातू आणि आपला संस्कृत 'स्पश्' एकाच मुळाचे. त्यातला 'स्' गळून 'पश्यति' झालं, टिकून 'स्पष्ट' झालं. ऋग्वेदात वरुणाचे हेर आहेत, त्यांचं नाव 'स्पश'. म्हणजे स्पेक्ट्रम आणि स्पष्ट हे चुलतभाऊ!

पुढचा 'स्कोपी'ही त्याच घरातला. ग्रीकमध्ये प आणि क यांनी जागा बदलल्या, जसं आपण नुकसानचं नुसकान करतो. तेव्हा स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे 'दिसण्याचं पाहणं', शुद्ध पिवळा पीतांबर.

स्पेक्ट्रमला मराठीत 'वर्णपट' म्हणजे रंगांचा पट्टा म्हणतात. त्या शब्दावर माझा राग आहे तो यासाठी. परिभाषा करणाऱ्यांनी इंद्रधनुष्य पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. हायड्रोजन क्लोराइड वायू अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश कुठे कुठे शोषतो, त्याचा आलेख काढून पाहा. प्रतिसेंटिमीटर २८८६ (म्हणजे एका सेंटिमीटरात इतक्या प्रकाशलहरी) च्या आसपास दोन्ही बाजूंना रेघांच्या रांगा, दोन रेघांत साधारण २० चं अंतर, आणि मधोमध जिथे रेघ हवी तिथे मोकळी जागा, कारण कंपनाबरोबर रेणूला फिरण्याची पातळीही एका पायरीने बदलावीच लागते. नीट पाहिलं तर प्रत्येक रेघ जुळी, कारण क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात: क्लोरीन ३५ ची ठळक, ३७ ची फिकी. यात रंग कुठे आहे? डोळ्यांना तर यातलं काहीच दिसत नाही. ही सरळ हेरगिरी आहे, रेणूला हात न लावता, नुसत्या रेघांमधल्या अंतरावरून त्याच्या बंधाची लांबी काढून आणायची.

म्हणून मी 'स्पशविद्या' हा शब्द सुचवत असतो. आजवर तो फक्त मीच वापरला आहे. तुम्ही टिपणांत आपलं 'रेणवीय स्पेक्ट्रोस्कोपी' लिहा.