दिवसभर घर बंद असतं, तर पर्शियन मांजर घ्यावी की सयामी?

घर रोज आठ-नऊ तास बंद राहणार असेल तर पर्शियन घ्या. सयामी माणसाच्या मागेमागे फिरते, मोठ्याने ओरडून बोलावते आणि एकटी पडली की कुढते. पर्शियन खिडकीत निवांत पडून राहते. आमच्याकडे पर्शियनच आहे, त्यावरून सांगते: रोज विंचरणं चुकवू नका. दोन दिवस राहिलं तरी काखेत, कानामागे केसांचा गुंता होतो आणि तो ओढला की तिला दुखतं. मात्र अगदी चपट्या तोंडाचं पिल्लू नको, त्यांना श्वासाचा त्रास होतो, डोळे सतत पाणावतात. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा पीकेडी हा आनुवंशिक आजारही या जातीत आढळतो. आईबापांची जनुकीय चाचणी झाली आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.