जवळच्या ग्रंथी साफ, लांबच्या खराब: म्हणजे सगळीकडे पसरलं?

खानापूर तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) घरधनी 58 वर्षांचे. रक्त फारच कमी झालं म्हणून तपासण्या केल्या, तर मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन बेळगावात व्यवस्थित झालं. मग रिपोर्ट आला: 19 लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) तपासले, 2 मध्ये कॅन्सर. आतड्याला लागून असलेल्या ग्रंथी साफ, आणि खराब त्या दोन्ही आतड्याला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिनीच्या मुळाशी. मुलानं मोबाइलवर शोधाशोध केली आणि घरातली झोप उडाली.

"मॅडम, जवळचं सोडून लांब गेलंय म्हंजे आणि कुठं कुठं गेलं असंल? चाकू लागला म्हणून पसरलं नव्हं? मग केमो कशाला करायची?" काकूंनी एका दमात विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबांना यातलं काही सांगू नका."

ही भीती मला वरचेवर भेटते. आधी मी कागदावर आतडं काढलं, त्याला लागून ग्रंथींची रांग, पुढे मधली रांग, शेवटी मुळाजवळची. कॅन्सर बहुतेक वेळा याच क्रमानं जातो, पण काहींमध्ये मधली पायरी गाळतो. लसिकावाहिन्यांना, म्हणजे ग्रंथींना जोडणाऱ्या नळ्यांना, आडवाटा असतात. शिवाय जवळच्या ग्रंथीत अगदी बारीक ठिपका असेल तर नेहमीच्या तपासणीत तो निसटूही शकतो. चाकूचा यात काही संबंध नाही. ग्रंथींत तो ऑपरेशनच्या आधीच पोचलेला होता. आणि सर्जननं मुळापर्यंत जाऊन ग्रंथी काढल्या म्हणून तर हे कळलं. निदान 12 ग्रंथी तपासाव्यात असा नियम आहे, इथं 19 मिळाल्या. काकूंना मी पुन्हा सांगितलं: त्या दोन ग्रंथी आता काकांच्या पोटात नाहीत.

मुळाशी ग्रंथी खराब असली की डॉक्टर जास्त सावध राहतात, हेही लपवलं नाही. पण टप्पा ठरवताना आतड्याच्या हद्दीतल्या खराब ग्रंथी मोजतात: 1 ते 3 असल्या तर एक गट, 4 किंवा जास्त तर पुढचा. हा तिसरा टप्पा. महाधमनीजवळच्या किंवा मानेतल्या ग्रंथी खराब असत्या तर चौथा धरला असता. पोटाकडून येणारी मोठी लसिकावाहिनी डाव्या गळपट्टीच्या हाडाशी रक्तात मिळते, म्हणून कधी कधी तिथं टणक गाठ येते. काकू रोज रात्री काकांची मान चाचपत होत्या. सीटी स्कॅनमध्ये छाती-पोट साफ आहे, रोज चाचपू नका, गाठ लागलीच तर दाखवा, असं सांगितलं.

लपवण्याला मात्र मी तयार नव्हते. केमो कशासाठी हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच त्रासाला ती सोडतो. मुलगा शेवटी कबूल झाला. काकांनी कागद निरखून पाहिला. म्हणाले, "खेकड्यानं बांध पोखरला की पाणी शेजारच्या वाफ्यात दिसत न्हाई, दोन वाफे सोडून फुटतंय. तसंच की हे." त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. केमो 3 महिने की 6, ते कॅन्सरतज्ज्ञ ठरवतील. पण ऑपरेशननंतर 6 ते 8 आठवड्यांत ती सुरू व्हायला हवी, आणि यांचे काही आठवडे घरातल्या चर्चेतच गेले होते. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध दिलं तर गार पाण्यात हात घालताच मुंग्या येतात, घसा धरतो. म्हणजे चिखलात रोप लावायला या पावसात उतरायचं नाही, हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

जाताना मुलाला थांबवलं. काढलेल्या गाठीवर एमएमआर (पेशींतली डीएनए-दुरुस्ती नीट चालते का, ती) तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचार. ती आनुवंशिक दोषाची शंका दाखवते. आणि ती नॉर्मल आली तरी तू नि तुझी बहीण, दोघांनी चाळिसाव्या वर्षी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करून घ्या. तो 36 चा आहे. बहीण चंदगडला दिली आहे, त्यानं तिला तिथल्या तिथे फोन लावला.