वटवाघूळ खोलीत होतं. चावलं की नाही, कोण सांगणार?

मी समुपदेशक. अमेरिकेतल्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात माझ्याकडे हीच चिंता येते. आपल्याकडे रेबीज म्हटलं की कुत्रं आठवतं. तिथे माणसाला रेबीज होतो तो मुख्यतः वटवाघळांमुळे.

न्यू जर्सीतली एक आई (ओळख बदलली आहे). ४ वर्षांचा मुलगा झोपलेला आणि पहाटे त्याच्या पलंगालगतच्या पडद्याला वटवाघूळ लटकलेलं. नवऱ्याने टॉवेल टाकून ते खिडकीबाहेर सोडलं. पुरावाच उडून गेला! जाड हातमोजे घालून त्यावर डबा ठेवायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि आरोग्य खात्याला कळवायचं. डोकं चेचायचं नाही, कारण तपासणी मेंदूची होते. अहवाल निगेटिव्ह आला असता तर इंजेक्शनांचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर ३ आठवडे ती रोज रात्री मोबाइलच्या उजेडात मुलाची मान, बोटं, कानामागची जागा तपासत होती. नवरा म्हणे, "खूण नाही म्हणजे चावलं नाही." पण या वटवाघळांचे दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, आणि झोपेतलं पोर काय सांगणार?

"मला खात्री हवीच."

"२१ रात्री तपासलंत. मिळाली?"

"नाही."

"उद्या मिळेल?"

ती बराच वेळ गप्प. मग हळूच, "लस घ्यायला खात्री लागते का हो?"

विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे 'हवंच', 'झालंच पाहिजे' असे हट्टी विचार तपासत काम करणाऱ्याला वाक्यातला 'च' आधी ऐकू येतो. तो तिने स्वतःच काढून टाकला, मी फक्त थांबले. सत्रांत इतकं स्वच्छ वळण क्वचित मिळतं. लस द्यायला वाजवी शंका पुरते. झोपलेल्या मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडणं ही तशी शंका आहे.

"पण उशीर झाला ना?" लक्षणं दिसायला सहसा काही आठवडे ते महिने लागतात. ती सुरू होईपर्यंत उपचार घेता येतात, नंतर मात्र हातात जवळजवळ काही उरत नाही. म्हणून त्याच दिवशी डॉक्टर.

साताऱ्याहून आजीचा फोन: "पोटात चौदा सुया टोचणार लेकराला?" तो जमाना गेला. आता दंडात ४ डोस: ०, ३, ७ आणि १४ व्या दिवशी. प्रतिकारशक्ती कमी असेल तर २८ व्या दिवशी पाचवा. पहिल्या दिवशी सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, किलोमागे २० युनिट. १६ किलोच्या मुलाला ३२०. जखम असेल तर ते जखमेभोवती भरतात, नसेल तर मांडीत; लसीच्या जागी नाही. लस कुल्ल्यात देत नाहीत, तिथे परिणाम कमी होतो. चावा किंवा ओरखडा कळला तर आधी साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायचं. संध्याकाळी डोक्यावरून उडालेल्या वटवाघळाची किंवा त्याच्या लेंड्यांची मात्र रेबीजसाठी धास्ती नको.

चारही तारखा तिने फ्रिजवर चिकटवल्या. मोबाइलचा उजेड दुसऱ्या डोसनंतर बंद झाला. नवऱ्याला माळ्यावरची फट लगेच बुजवायची होती. त्याला शरद ऋतूपर्यंत थांबायला सांगितलं. जून-जुलैत आत अजून उडता न येणारी पिल्लं असतात, ती अडकून मरतात, नाहीतर वाट शोधत घरात उतरतात.