डॅशबोर्डात टॅबलेट बसवतोयस? आधी पुठ्ठा काप

करवत तूर्त बाजूला ठेव. डबल डिन खाचेचं, म्हणजे डॅशबोर्डातल्या स्टिरिओच्या मोठ्या खाचेचं, तोंड जवळपास 180 बाय 100 मिलिमीटर असतं. सात इंची टॅबलेटही बहुतेकदा त्याहून मोठा भरतो. म्हणून टॅबलेटच्या मापाचा पुठ्ठा कापून आधी तो लावून बघ. एसीची जाळी झाकते का, गिअर टाकताना हात आपटतो का, चार्जिंगची पिन वळायला जागा उरते का, सगळं तिथेच कळतं.

खरी भीती उन्हाची. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी पुढे जातो. माझा पहिला टॅबलेट असाच गेला: मागचं झाकण फुगून वर आलं, काच कडेने सुटली. तेव्हापासून कायमचा चिकटवत नाही. तूही खटक्याने निघणारी चौकट कर आणि गाडीतून उतरताना टॅबलेट सोबत घे.

वीज चावीबरोबर बंद होणाऱ्या अ‍ॅक्सेसरी वायरवरून घे, फ्यूज लावून. मध्ये 12 व्होल्टचे 5 करणारा चांगला कन्व्हर्टर. रेस दिल्यावर स्पीकरमध्ये शिट्टी वाढत गेली तर टॅबलेटचा आवाज स्टिरिओत नेणाऱ्या ऑक्स वायरवर ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ही शिट्टी अडवणारी छोटी डबी, लाव. आणि एअरबॅगच्या वाटेत काहीही येता कामा नये, वायरसुद्धा नाही.