वादळ गेलं, आता पंचनामा

प्रश्न : नमस्कार सर, मी अमेरिकेत डॅलसजवळ राहते. मध्यंतरी रात्री जोरदार वादळ झालं, शेजारच्या गल्लीतल्या तीन-चार घरांची छपरं उडाली. रेल्वे धडधडत गेल्यासारखा आवाज आला म्हणून सगळे टॉर्नेडोच समजत होते. सकाळी हवामानवाले आले, झाडं कुठल्या बाजूला पडलीत ते बघत फिरले आणि म्हणाले टॉर्नेडो नाही, सरळ वारा होता. पडलेल्या झाडावरून एवढं कसं कळतं?

उत्तर : आवाजाचं सोडा, ताशी दीडशे किमीचा सरळ वारासुद्धा तसाच घोंघावतो. झाड मात्र ज्या क्षणी पडलं त्या क्षणाची वाऱ्याची दिशा जमिनीवर आखून ठेवतं. टॉर्नेडोचा वारा फिरत फिरत पुढे जातो, त्यामुळे अरुंद पट्ट्यात एका बाजूची झाडं वादळाच्या दिशेने आडवी होतात, दुसऱ्या बाजूची आत मध्याकडे नाहीतर चक्क उलटी, एकमेकांवर काट मारून पडलेली दिसतात. सरळ वाऱ्यात ढगातली थंड हवा धपकन खाली आदळते आणि अंगणात बादली ओतल्यावर पाणी पसरतं तशी बाहेर पसरते, मग झाडं पण बाहेरच्या बाजूला पंख्यासारखी पडतात.

यामागे एक अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे. टॉर्नेडोची ताकद ० ते ५ अशी सांगणारी एफ पट्टी १९७१ मध्ये बनवणारे तेत्सुया फुजिता मूळचे जपानचे, १९४५ च्या अणुबॉम्बनंतर ते नागासाकीत पाहणीला गेले होते आणि स्फोटाखालची झाडं मध्यापासून चहूबाजूंना फेकलेली त्यांनी बघितली होती. पुढे एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांत जवळपास दीडशे टॉर्नेडो झाले, त्याची विमानातून पाहणी करताना काही जंगलांत त्यांना तशीच नक्षी दिसली. टॉर्नेडोचा मागमूस नाही पण झाडं चहूबाजूंना. वरून आदळणाऱ्या वाऱ्याची कल्पना त्यांना तिथून सुचली.

प्रश्न : सर मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, यूट्यूबवर स्टॉर्म चेजिंग (वादळांचा पाठलाग) खूप बघतो. अमेरिकेतला २०१३ चा एल रीनो टॉर्नेडो, रडारवर ताशी ४७० किमीचा वारा मोजला आणि रेटिंग फक्त ईएफ ३, म्हणजे ५ पैकी ३?? हा अन्याय नाही का? रडार खोटं बोलतं का?

उत्तर : रडार खोटं बोललं नाही आणि रेटिंग पण चुकलेलं नाही, दोघांना विचारलेला प्रश्नच वेगळा होता. (अन्यायाचं म्हणाल तर टॉर्नेडोने अपील केलेलं नाही अजून.)

३१ मे २०१३ ला ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला हा झाला, रुंदी तब्बल ४.२ किमी. टॉर्नेडोचे अनुभवी संशोधक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग, तिघेही यातच गेले. ओक्लाहोमा विद्यापीठाचं ट्रकवरचं रडार जवळ होतं, त्याने तो भयानक वेग पकडला. त्यावरून नॅशनल वेदर सर्व्हिसने (अमेरिकेचं सरकारी हवामान खातं) आधी ईएफ ५ दिलं, पण ऑगस्टमध्ये परत खाली आणलं, कारण ईएफ पट्टी (फुजितांच्या एफ पट्टीचीच सुधारलेली, २००७ पासून वापरात असलेली) वारा मोजतच नाही, ती नुकसान बघून वाऱ्याचा अंदाज बांधते. घर, शाळा, मोबाइल होम, झाड अशा २८ प्रकारच्या वस्तूंची यादी आहे, कुठली कितपत मोडली त्यावरून आकडा निघतो. आता एल रीनोला तो वारा मोकळ्या रानात फिरला, गव्हाच्या शेतात मोडायला आहे काय? जे मोडलेलं सापडलं ते ईएफ ३ चं, म्हणजे ताशी साधारण २१८ ते २६६ किमीचं.

घरांच्या बाबतीत पण गंमत आहे. घर पायापासून साफ उडालं की लोक लगेच ईएफ ५ म्हणतात, पण पाहणीवाले आधी गुडघ्यावर बसून भिंत पायाला बोल्टने आवळली होती की नुसते खिळे मारले होते ते बघतात. खिळेवालं घर बरंच कमी वाऱ्यात जातं. शेजारची झुडपं शाबूत असतील तर आणखी संशय. मला हे सगळ्यात आवडतं, आपल्याकडे तलाठ्याने पंचनाम्यात पत्र्याचे हूक मोजले तर काय काय बाहेर येईल!

रडारची पण मर्यादा आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारपासून १०० किमीवर सगळ्यात खालचा किरणसुद्धा जमिनीपासून दीडेक किमी वर असतो, म्हणजे दिसतं ते वरचं, घराच्या उंचीवर काय चाललंय ते नाही. तरी एक पुरावा जबरदस्त आहे. पावसाचे थेंब साधारण एकाच प्रकारचे म्हणून ते रडारला एकसारखे दिसतात, पण पत्रे, फांद्या, घराच्या भिंतीतलं इन्सुलेशन हवेत गेलं की तो सारखेपणाचा आकडा धाडकन पडतो, आणि त्याच जागी वारा फिरताना दिसत असेल तर टॉर्नेडो जमिनीवर काहीतरी मोडतोय हे अंधारात पण कळतं. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकीत मेफिल्ड शहर उद्ध्वस्त झालं तेव्हा हेच दिसत होतं. त्या रात्री रडारवर एकच वादळ आर्कान्सापासून चार राज्यं पार करत गेलेलं, म्हणून सगळ्यांना वाटलं एकच टॉर्नेडो, १९२५ चा लांबीचा रेकॉर्ड मोडणार. मग माणसं पायी फिरली तर टेनेसीत मध्ये नुकसानच नाही असा तुकडा निघाला. एकाचे दोन टॉर्नेडो झाले, दुसरा एकटाच सुमारे २६५ किमी लांब. रेकॉर्ड वाचला.

प्रश्न : भारतात टॉर्नेडो होतात का? आमच्या शेतात उन्हाळ्यात येते ती वावटळ म्हणजे तोच का? – नाशिक

उत्तर : होतात, मुख्यतः बंगालच्या बाजूला. ३१ मार्च २०२४ ला जलपाईगुडी जिल्ह्यात मयनागुडीला झाला, माणसं गेली. वावटळ वेगळी, ती तापलेल्या जमिनीवरून कोरड्या उन्हात उठते, वर वादळी ढग नसतो. आणि २०२० ला रायगडमध्ये आलेलं निसर्ग हे तिसरंच, शेकडो किमी पसरलेलं चक्रीवादळ. बातम्यांत या तिघांना सर्रास चक्रीवादळच म्हणतात ते वेगळं. पुढच्या वेळी शेतात झाडं पडली आणि शंका आली तर करवत लावायच्या आधी फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत उत्तर दिशा कुठे ते लिहून ठेवा.