तिखल्यातलं मीठ कोण बघणार?

"मावशी, मी मालवण तालुक्यात घरगुती खानावळ चालवते. वय ३९, उंची पाच फूट एक इंच, वजन १०४ किलो. सात वर्षं साखर आहे, त्यातली दोन इन्सुलिनवर. छातीत जळजळतं, गुडघे धरतात, आणि मी घोरते म्हणून मुलगी दुसऱ्या खोलीत झोपते. दोनदा डाएट करून चौदा-चौदा किलो उतरवले, दोन्ही वेळा परत चढले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी वजनासाठी पोटाचा बायपास सांगितलाय आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळालीय. नवरा तयार आहे. सासूबाईंकडे नुसता विषय काढला तर म्हणाल्या, 'पोट कापून कोण बारीक होता काय? तोंडार ताबो ठेव, सगळा बरा होतला.' वाडीत कळलं तर लोक हसतील. म्हणून सगळ्यांना, सासूबाईंनाही, पित्ताशयातले खडे काढले असं सांगायचं ठरवलंय. जमेल ना? सप्टेंबरात गणपतीची चवथ आहे, घरी चाळीस माणसं जेवायला. आणि सकाळी मिश्री लावल्याशिवाय माझं पोट साफ होत नाही, त्याचं काय करू?
— दमलेली अन्नपूर्णा"

अगो अन्नपूर्णे,

तुझ्या थापेपासूनच सुरुवात करते, कारण ती वाचून मला हसू आलं. वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर काही जणांना ते खरंच होतात, म्हणून डॉक्टर आधी सोनोग्राफी करून घेतात आणि पुढे काही महिने खडे होऊ नयेत म्हणून गोळ्याही देतात. तेव्हा ही थाप आत्ताच खर्चू नकोस. वर्षभराने खरोखरचे खडे निघाले तर वाडीला काय सांगशील, परत उगवले?

वाडीला काही सांगू नकोस, हे माझं मत. तुझं पोट हा ग्रामसभेचा विषय नाही. पण सासूबाईंची गोष्ट निराळी आहे. एका चुलीवर दोघी उभ्या राहता, त्यांच्यापासून हे लपणार नाही आणि लपवूही नये. का ते माझ्या जावेच्या गोष्टीवरून सांगते.

माझी धाकटी जाऊ वेंगुर्ल्याची. चार वर्षांपूर्वी मुंबईत तिने हेच ऑपरेशन केलं आणि घरी येऊन हर्निया सांगितला. मलासुद्धा. सहा-सात महिन्यांनी कंबर धरली म्हणून ती गावातल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनी नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवस घेतल्या, आणि एक दिवस शौचाला काळं डांबरासारखं झालं. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या चालत नाहीत. जठर आतड्याला जोडतात त्या जोडावर त्यांनी अल्सर होतो, तो तिला झाला. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. डॉक्टरांची चूक शून्य होती. थाप मात्र तिला रोज सांभाळावी लागली होती, सणाला, लग्नाला, अगदी माझ्या डायनिंग टेबलवर, जिथे मी "एवढंसंच?" म्हणून तिच्या ताटात तिसरा वडा टाकत होते. त्या वड्याची लाज मला अजून वाटते.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. जो तुला वाढतो, जो तुला गाडीत घालून नेईल आणि जो तुला औषध देतो, एवढ्यांना खरं सांगायचं. म्हणजे नवरा, सासूबाई, मुलगी, गावातले डॉक्टर आणि रिक्षावाला शेजारी. बाकीच्यांना "पोटाचं ऑपरेशन झालं" एवढं पुरे. ते खोटंही नाही.

सासूबाईंना सांगशील कसं? त्यांना वाटतंय पोट कापून फेकून देणार. स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग खरंच काढून टाकतात. तुझ्या बायपासमध्ये काढत काहीच नाहीत. जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करतात, साधारण ३० मिलिलिटरची, आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर जागच्या जागी राहतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. हे दुर्बिणीतून होतं, पोटावर चार-पाच बारीक छेद. तुला स्लीव्ह न सांगता बायपास का सांगितला तेही उघड आहे. स्लीव्हनंतर छातीतली जळजळ वाढू शकते, आणि साखरेला बायपासचा गुण चांगला येतो.

आणि "तोंडावर ताबा" म्हणशील, तर दोनदा चौदा किलो उतरवणाऱ्या बाईला ताबा म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. वजन उतरलं की शरीर घाबरतं. भुकेची हार्मोन्स वाढतात, जाळणं मंदावतं आणि गेलेलं परत ओढून आणलं जातं. पोट लहान केल्याने नुसतं जेवण कमी होत नाही, आतड्यातून मेंदूकडे जाणारे भुकेचे निरोपही बदलतात. म्हणून हा आळशी माणसाचा शॉर्टकट नव्हे. यात फार कष्ट आहेत, फक्त ते वेगळ्या ठिकाणी आहेत.

आता मिश्री. आज बंद. उद्या नाही, या आमावास्येपासून नाही. तंबाखूने जखम उशिरा भरते आणि त्या जोडावर अल्सर होण्याची भीती वाढते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही मिश्रीचं सांग. "सिगारेट ओढता का?" म्हणून विचारतात आणि आपल्या बायका खुशाल "नाही" म्हणतात! पोट साफ होण्यासाठी सकाळी कोमट पाणी, चालणं, आणि तरी अडलं तर डॉक्टरांकडून सौम्य औषध. आठ-दहा दिवस चिडचिड होईल, घरच्यांना तसं आधीच सांगून ठेव.

ऑपरेशनच्या आधीचे दोनेक आठवडे तुला कमी उष्मांकाचा, जास्त प्रथिनांचा आहार देतील, बराचसा पातळ. पुष्कळांना वाटतं, आता खायला मिळणार नाही तर आत्ताच खाऊन घेऊ. तसं करू नकोस. साखर असलेल्या जाड माणसाच्या यकृतात बहुधा चरबी असते, आणि फुगलेलं यकृत नेमकं जठरावर पडलेलं असतं. ते आवळलं तर दुर्बिणीला जागा मिळते. तुझे हे आठवडे जूनअखेरीचे, म्हणजे किल्ल्याच्या होड्या बंद आणि पर्यटक नाहीत, ते एक बरं आहे. इन्सुलिनचं प्रमाणही याच काळात बदलावं लागतं, ते मनाने करू नकोस. ऑपरेशननंतर तर साखर काही दिवसांतच उतरते, जुना डोस टोचलास तर ती एकदम खाली जाईल.

पैशांचं तू लिहिलं नाहीस, पण विमा असेल तर कागद काढ. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे, डॉक्टरांचा सल्ला असेल आणि वय १८ पूर्ण असेल, तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा अधिक असताना हे ऑपरेशन विम्यात बसू शकतं. ३५ च्या पुढे असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात न येणारी साखर असावी लागते. तुझा बीएमआय ४३ भरतो. पॉलिसीत प्रतीक्षा काळ किती ते मात्र बघ.

जुलैबद्दल मला एक काळजी आहे, ती घाटाची. जोडातून गळती झाली तर ती बहुतेक पहिल्या आठवडा-दहा दिवसांत कळते. ताप, नाडी १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, दम लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा असतो. आणि तू असशील मालवणात, वर गगनबावड्याला दरड. चौथ्या दिवशी सोडलं म्हणून घरी धावू नकोस. पहिली तपासणी होईपर्यंत कोल्हापुरातच कुणाकडे तरी राहा, नाहीतर खोली घे. उतरताना गाडी दर तासाला थांबवून पाच मिनिटं चाल. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका या दिवसांत असतो, म्हणून तर ऑपरेशनच्याच दिवशी उठवून चालवतात.

घरी आल्यावरचं जेवण. दवाखान्याची आहारतज्ज्ञ तक्ता देईल, तोच खरा. पण ती बहुधा पनीर आणि मूग सांगेल, म्हणून मालवणी भाषांतर मी करते. पहिल्या एक-दोन दिवसांत नितळ पाणी, मग साधारण दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मऊ कुस्करलेलं, आणि घट्ट जेवण दीड-दोन महिन्यांनी. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि एका वेळी जाणार जेमतेम अर्धी वाटी. इथे आपली पेज कामाची नाही. आजाऱ्याला पेज हे आपल्या हाडात आहे, सासूबाई पहिल्याच दिवशी उकड्या तांदळाची करतील, पण तिच्यात बहुतेक पिष्टच. सोलकढीत नारळाची चरबी, तीही नंतर. कुळथाची पिठी मात्र पातळ, बिनतिखटाची आणि गाळलेली, पातळ जेवणाच्या आठवड्यांत चालते का विचार. ती घरची, आणि तिच्यात प्रथिनं आहेत. तरी सुरुवातीला भिस्त प्रोटीन पावडरीवरच राहील, नाक मुरडू नकोस. मासळीची पंचाईत अशी की ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, आणि सुकं मीठाने भरलेलं. तुझ्या मऊ जेवणाच्या आठवड्यांत ऑगस्ट उजाडेल. तेव्हा मुडदुशे किंवा ओले बोंबील, वाफवून, काटा काढून, बोटाने कुस्करून. पेडवे-तारले काट्यांपायी पुढे ढकल. आधी मासा किंवा अंडं, मग भाजी, आणि जागा उरली तरच भात. पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट, पण दिवसाचं दीड-दोन लिटर.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड, सगळं. बरं वाटलं म्हणून त्या बंद करतात आणि दोन वर्षांनी पायांना मुंग्या येतात. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर घरगुती उपाय करत बसू नकोस, बी-१ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, मूठमूठ. ते परत येतात. पहिल्या वर्ष-दीड वर्षात दिवस राहू देऊ नकोस, आणि गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नकोस, दुसरा उपाय विचार.

आता खानावळ. वजनाचं कारण म्हणून सासूबाईंनी तुझ्या तोंडाला बोल लावला. मी खानावळवाल्या बायका पाहिल्यात. सकाळी चहावर असतात, पाहुण्यांची पंगत उठते अडीचला, मग साडेतीनला ओट्याशी उभं राहून टोपातलं उरलेलं, वाया जाऊ नये म्हणून. मधे चव बघायला दहा चमचे. नव्या पोटाला हे जमणार नाही. तुला पाहुण्यांच्या आधी जेवावं लागेल, खाली बसून, छोट्या वाटीत, वीस-पंचवीस मिनिटं चावून. "आधी मी जेवते" हे वाक्य तुला ऑपरेशनपेक्षा जड जाईल असं मला वाटतं. आरशासमोर म्हणून बघ.

चवथीला आठ-नऊ आठवडे झालेले असतील. चार ते सहा आठवडे जड उचलायचं नसतं, तो काळ संपलेला असेल, पण चाळीस माणसांचा टोप पहिल्याच खेपेला तू उतरवू नयेस. नवरा उतरवेल. मोदकाचं म्हणशील तर गूळ-खोबरं बायपासच्या पोटात गेलं की धडधड, घाम, जुलाब, गरगरणं होऊ शकतं, त्याला डम्पिंग म्हणतात. प्रसादाला कण जिभेवर ठेव आणि पुढे हो. "आमच्या हातचा एक तरी" म्हणणाऱ्या नणंदा येतील. त्यांना "डॉक्टरांनी गोड बंद केलंय" सांग, साखर आहे हे सगळ्यांना माहीत आहेच.

राहिली चव. पहिले काही आठवडे मसालेदार काही जिभेवर ठेवायचं नाही, आणि पुष्कळांना वासच सहन होत नाही. माझ्या जावेला दीड महिना कांदा परतल्याचा वास नको व्हायचा. मग ऑगस्टअखेर पाहुणे सुरू झाले की माशांच्या तिखल्यातलं मीठ कोण बघणार? तुझ्या घरात दुसरी जीभ एकच आहे, आणि मला वाटतं तू मसाला शिकलीस तोही तिच्याकडूनच. त्यांना सांगताना डॉक्टरांची चित्रं आणि बीएमआय नको. सांग, "आई, दोन महिने माका चव कळाची नाय. तुमी बघतास काय?" ऑपरेशनला त्या हो म्हणतील की नाही ठाऊक नाही. याला नाही म्हणणार नाहीत.

आणि एक गोष्ट तू लिहिताना उडवून टाकलीस. घोरणं. झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी झाली आहे का? भूल देण्याआधी ती व्हायला हवी, आणि दोष निघाला तर आधी काही आठवडे रात्री मशीन लावायला सांगतात. झाली नसेल तर हा अंक बाजूला ठेव आणि दवाखान्यात फोन कर.

तुझी,
मावशी